वर्ष बुडण्याआधी

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी एकतीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि त्यातली अकरा वर्षे परीक्षा विभागही सांभाळला. परीक्षा विभाग म्हणजे काय, तर एक खिडकी, तिला लोखंडी जाळी, आत एक टेबल आणि बाहेर रांग. कोणता मुलगा हुशार हे वर्गात कळते. कोणाच्या घरी काय चालले आहे हे त्या खिडकीवर कळते. म्हणजे कळायला हवे. मला ते एकदा कळले नाही. तिथूनच सुरुवात करतो.

१९९४ चा फेब्रुवारी महिना. परीक्षेचे अर्ज विलंब शुल्कासह भरण्याचा शेवटचा दिवस. रांग पार सायकल स्टँडपर्यंत गेलेली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा जाळीसमोर आला. दिवाळीनंतर तो वर्गात दिसलाच नव्हता. मी हजेरीपट उघडला, हजेरी चाळीस टक्क्यांच्याही खाली. म्हणालो, ‘‘बाबा रे, हजेरी नाही, प्रॅक्टिकल नाहीत, टर्म ग्रँट होणार नाही. पुढच्या जूनला ये.’’ तो ‘‘बरं सर’’ म्हणाला आणि बाजूला झाला. सगळे मिळून अर्धा मिनिट लागले असेल. नियमाने मी बरोबर होतो. आज कोणी ती फाइल काढली, तरी माझ्यावर बोट ठेवता येणार नाही.

जूनला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही जूनला नाही. दोन वर्षांनी एका संध्याकाळी मी वडापच्या जीपने घरी परतत होतो, तर चाकावर हाच. त्याने ओळखले, मला पुढे बसवले, भाडे काही केल्या घेईना. बोलता बोलता म्हणाला, ‘‘सर, त्या साली मला टीबी झाला होता.’’ मी चपापलो. ‘‘अरे, मग सांगितलं का नाहीस?’’ तो रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘‘सांगणार होतो. पण मागं रांग होती.’’

रांगेत त्याच्या वर्गातली मुले होती, वसतिगृहातले खोलीसोबती होते. त्यांच्या देखत टीबीचे नाव काढायची त्याची छाती झाली नाही. खोली सोडायला लावतील ही भीती. उतरताना त्याने मला आणखी एक विचारले, ‘‘सर, माझी प्रॅक्टिकलची जर्नल असंल का हो अजून?’’ दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतले कपाट धुंडाळले. रद्दीत गेली होती.

हा प्रसंग मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितला नाही. आज सांगतो आहे, कारण दर वर्षी जूनच्या सुमारास कोणी ना कोणी ओळखीचे गृहस्थ घरी येतात आणि विचारतात, ‘‘सर, मुलाचं आजारपणात वर्ष गेलं, आता काही करता येईल का?’’ काही वेळा करता येते. पुष्कळदा मला म्हणावे लागते, ‘‘डिसेंबरात आला असतात तर!’’

बघा, साध्या टीबीचे औषध साधारण सहा महिने चालते. विद्यापीठाचे एक सत्रही जवळजवळ तेवढेच. शिवाय योग्य औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांपासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. डॉक्टर सांगतील तेव्हा वर्गात बसायलाही हरकत नसते. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि पोषणासाठी सरकार दरमहा पैसेही देते. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणजे त्या मुलाचे नुकसान फार तर एका सत्राचे व्हायला हवे होते. झाले सगळ्या पदवीचे.

यातली मेख आपल्याला नीट कळलेली नाही. आजारी पडले की आपण डॉक्टरकडे जातो, अंगारा लावतो, मामाच्या गावाला हवापालटाला पाठवतो. महाविद्यालयाला कळवायचे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. नोकरदार माणूस दोन दिवस घरी राहिला तरी रजेचा अर्ज टाकतो. विद्यार्थी तीन महिने घरी असतो आणि कार्यालयात एक चिठ्ठी नसते. हजेरीपटावर आजारी मुलगा आणि सिनेमाला गेलेला मुलगा यांची शून्ये अगदी सारखी दिसतात.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे कागद. आजार आठ-पंधरा दिवसांपेक्षा लांबणार असे दिसले की प्राचार्यांच्या नावे अर्ज करावा. विद्यार्थ्याला जाता येत नसेल तर वडिलांनी, आईने, भावाने न्यावा. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, कोणत्या तारखेपासून येता येत नाही आणि डॉक्टरांनी साधारण किती दिवस सांगितले आहेत, एवढे पुरे. सोबत डॉक्टरांचा दाखला, त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक आणि तारखा. रुग्णालयात ठेवले असेल तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक प्रत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून घ्यायचा. हा आवक क्रमांक म्हणजे तुमचे हत्यार आहे. पुढे कोणी म्हणाले, ‘‘आम्हाला काही कळवलेच नाही’’, तर तो कागद बोलतो. आमच्याकडे एका शेतकरी बापाने असा कागद सात महिने टोपीत जपून ठेवला होता. घामाने शाई पसरली होती, पण क्रमांक वाचता येत होता. मुलगी परीक्षेला बसली.

अर्ज केला म्हणजे सगळे माफ झाले, असे मात्र नाही. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट आहे. आजारपण किंवा तसेच सबळ कारण असेल तर त्यातली काही तूट माफ करण्याची तरतूद असते. किती आणि कोणाच्या अधिकारात, हे विद्यापीठागणिक वेगळे. वैद्यकीय, औषधनिर्माण, नर्सिंग अशा अभ्यासक्रमांचे नियम जास्त कडक, कारण तिथे त्यांच्या नियामक संस्थांच्या अटी असतात. माहितीपत्रकाची शेवटची पाने कोणी वाचत नाही. बारीक टाइपातली ती कंटाळवाणी पानेच अशा वेळी कामाला येतात.

आणखी एक गोष्ट मी पालकांना नेहमी सांगतो. अंगात ताप असताना मुलाला सगळे पेपर द्यायला लावू नका. ‘‘बस तर खरा, होईल ते होईल’’, हा आपल्याकडचा लाडका सल्ला. त्याऐवजी विषय शिक्षकांना भेटा, कोणत्या विषयांची तयारी आहे ते बघा, तेवढेच द्या. राहिलेल्या विषयांसाठी एटीकेटी आहे. ज्याला आपण हिणवून ‘केटी’ म्हणतो तिचे पूर्ण रूप ‘अलाउड टू कीप टर्म्स’ असे आहे. विषय राहिले असतानाही पुढच्या वर्गात बसण्याची ती परवानगी आहे. किती विषय राहिले तर चालतात ते मात्र आधी विचारून घ्यायचे. प्रॅक्टिकल, अंतर्गत गुण, तोंडी परीक्षा यांचा हिशेब निराळा असतो. लेखी पेपर पुढच्या खेपेला देता येतो, पण अंतर्गत गुणांची यादी विद्यापीठाकडे गेली की ती परत उघडणे महाकठीण. म्हणून प्रयोगशाळेत आधी जा, परीक्षा विभागात मागाहून.

हात मोडला असेल तर लेखनिक मिळू शकतो. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, प्लास्टर घातल्या दिवशी अर्ज करावा. कायम स्वरूपाच्या अपंगत्वाचे नियम अधिक स्पष्ट आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात सिकलसेल आला, थॅलेसेमिया आला, हिमोफिलिया आणि वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमताही आली. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची कितीतरी मुले महाविद्यालयात आहेत. थंडी पडली, अंगातले पाणी कमी झाले की त्यांच्या हाडांत वेदना उठतात आणि मुलगा आठवडाभर अंथरुणाला खिळतो. बाहेरून बघणाऱ्याला तो धडधाकट वाटतो. शिक्षक म्हणतात, नाटकी आहे. या मुलांनी अपंगत्वाच्या दाखल्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात जरूर करावी. ठरावीक प्रमाणाचा दाखला मिळाला तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा मिळू शकतात. दाखला घेण्यात कमीपणा कसला?

लग्न झालेल्या मुलींची अडचण आपण आजारपणात धरत नाही, पण तालुक्याच्या महाविद्यालयांत शिक्षण सुटण्याचे ते एक मोठे कारण आहे. दिवस गेले की मुलगी यायची थांबते आणि कार्यालयही तिचे नाव मनातल्या मनात काढून टाकते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व विद्यापीठांना कळवले होते की, पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे, हजेरीत सवलतीचे, परीक्षा अर्जाच्या मुदतीत सूट देण्याचे नियम करावेत. पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना तर २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद त्याआधीपासून आहे. तुमच्या विद्यापीठाने नियम केला आहे का, हे विचारायला सासूबाईंना बरोबर नेले तर आणखी चांगले. मी गंमत करत नाही. एकदा एका सासूबाईंनी आमच्या प्राचार्यांशी असा काही वाद घातला की, सूनबाईंचे प्रॅक्टिकल दुसऱ्या तुकडीबरोबर घ्यायचे कबूल करूनच त्या उठल्या.

आता अवघड विषयाकडे येतो. निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या वर्षी उत्तम गुण, दुसऱ्या वर्षी हळूहळू येईनाशी झाली. तिची आई मला भेटली आणि म्हणाली, टायफॉइड झाला आहे. दाखलाही टायफॉइडचाच होता. सहा आठवड्यांनी पुन्हा टायफॉइड. मग कावीळ. कारकून हसायला लागला. खरे दुखणे निराळे होते. मुलगी खोलीचे दार लावून बसायची, जेवायची नाही, झोपायची नाही, पुस्तक उघडले की रडायची. आईला वाटले, मनाच्या आजाराचे नाव कागदावर आले तर पुढे लग्नाला अडचण येईल. म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून खोटे दाखले. झाले काय, तर दाखल्यांच्या तारखा एकमेकींशी जुळेनात आणि महाविद्यालयाने सगळेच फेटाळले. खरा आजार असूनही मुलगी खोटी ठरली.

अशा आई-वडिलांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, महाविद्यालयाला आजाराचे नाव सांगितलेच पाहिजे असे प्रत्येक वेळी नसते. ‘वैद्यकीय कारणास्तव अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वर्गास उपस्थित राहण्यास असमर्थ’, एवढे डॉक्टरांनी लिहिले तरी पुष्कळदा भागते. जास्त सांगायचे असेल तर प्राचार्यांना बंद पाकिटात द्यावे. पण दाखला खरा हवा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा हवा. दोन, मदत मागायला आता जिल्ह्याच्या गावीच जायला हवे असे नाही. टेलि-मानस नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. दिवसरात्र कधीही, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. क्रमांक पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर तो बोलतोय ते खरे धरा. त्याला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हजेरी, परीक्षा, फी, हे सगळे त्यानंतर.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे त्यात आहे. तुमच्या महाविद्यालयात तो कुठे बसतो, हे विचारा. कपाटामागे टेबल टाकलेले असेल, तर तेही प्राचार्यांच्या कानावर घाला. तिथे कोण रडायला जाईल?

घरच्या अडचणींबद्दल थोडक्यात सांगतो. वडील गेले, पीक गेले, फी थकली, मुलगा कामाला लागला, हे नेहमीचे आहे. फी थकली म्हणून लाजून येणे बंद करू नका. हप्ते मागा, लेखी मागा. दुष्काळ जाहीर झालेल्या भागातल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी मिळते, पण कितीजण ती मागतात? प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असते, ‘कमवा आणि शिका’सारख्या योजना तिथून कळतात. फीच्या पावतीवर अपघात विम्याची ओळ आहे का, तेही बघून ठेवा. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी. वर्षाचा खंड पडला तर शिष्यवृत्तीचे काय होणार, हे खंड घेण्याआधी विचारायचे, नंतर नव्हे.

आणि खंड घ्यावाच लागला तर? आपल्याकडे ‘गॅप’ म्हणजे कलंक समजतात. या बाबतीत मला एक इतिहास फार मोलाचा वाटतो. १९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचे शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले, हे आपण सगळे वाचतो. पण निघण्याआधी त्यांनी काय केले? चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली आणि मगच बोटीत पाऊल ठेवले. मग मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. ती परवानगी घेतली नसती तर दार उघडे राहिले असते का? एवढ्या मोठ्या माणसालाही अर्ज करावा लागला होता, हे मी खिडकीवर येणाऱ्या मुलांना सांगायचो. मुले थोडी सैल व्हायची.

आज दार उघडे ठेवण्याच्या सोयी जास्त आहेत. २०२१ पासून श्रेयांकांची बँक निघाली आहे. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक तिथे जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. नव्या धोरणाप्रमाणे एक वर्ष पुरे करून प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि नंतर परतता येते. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात बाहेरचा रस्ता रुंद आणि परतीचा अरुंद, असे होऊ नये म्हणून बाहेर पडताना परत येण्याचे नियम लेखी घ्या. अगदीच नियमित वर्गात बसणे जमत नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्या जीपवाल्या मुलाला मी पुढच्या खेपेला त्याचेच माहितीपत्रक नेऊन दिले होते. त्याने ते काचेपुढे ठेवले आणि ‘‘बघतो सर’’ म्हणून गिऱ्हाइकांना हाका घालायला लागला. पुढे माझी बदली झाली.

सगळे करूनही कार्यालय दाद देत नसेल, तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. इथेही तुमचा तो आवक क्रमांकाचा कागद पहिल्यांदा मागतात.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगायचे आहे. त्या जीपमधल्या संध्याकाळनंतर मी आमच्या परीक्षा विभागात एकच बदल केला. जाळीच्या आत, टेबलाच्या बाजूला एक खुर्ची ठेवली. ज्याची हजेरी फार कमी दिसेल, त्याला जाळीतून काही बोलायचे नाही. ‘‘आत येऊन बस’’ म्हणायचे. त्यासाठी कोणाची मंजुरी लागली नाही, पैसे लागले नाहीत. त्या खुर्चीत बसून थापा मारणारेही पुष्कळ भेटले, आजीला तीन-तीनदा मारणारे भेटले. ते चालायचेच. त्याच खुर्चीत एकाने मूत्रपिंडाचा आजार सांगितला, एकीने बापाचे दारूचे व्यसन सांगितले, एकाने सांगितले की तो दोन वेळचे जेवत नाही.

महाविद्यालयाची कार्यालये साधारण साडेदहाला उघडतात. जेवणाच्या सुट्टीआधी गेलेले बरे, तेव्हा सगळे जागेवर असतात. डॉक्टरांच्या दाखल्याची झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरी ठेवा, अर्ज दोन प्रतींत न्या. खिडकीशी गर्दी असेल तर सरळ म्हणा, ‘‘मला आत येऊन बोलायचं आहे.’’